सातमची लापशी

श्रावणातली सातम आली की माझ्या घरात चूल पेटत नाही. आता चूल कुठली, गॅसच. पण शब्द तोच बसलाय तोंडात. आम्ही मालवणकडचे. आमच्यात श्रावण म्हणजे सोमवारचे उपास आणि मासळीच्या आठवणीने कावलेली पुरुषमंडळी. सातमबितम आमच्यात नाही. सून नवी होती तेव्हा तिने विचारलं, "आई, हे आपल्यात असतं?" मी म्हटलं, "आपल्यात नसतं गं, माझ्यात असतं." सासू जरा सटकलेली आहे असं तिने माहेरी सांगितलं असेल. सांगू दे.

सातम गुजराती बायकांची. आदल्या दिवशी, रांधण छठला, सगळं रांधून ठेवायचं, चूल पुसून तिची पूजा करायची आणि सातमला दिवसभर गारच खायचं. शीतळा माता त्या दिवशी चुलीत लोळून थंड होते म्हणतात. चूल पेटलेली असली तर ती भाजते, आणि मग पेटवणारीचं काही खरं नाही. हे सगळं मला जसूबेनने सांगितलं. जसूबेन आमच्या खालच्या मजल्यावरची. मुलुंडच्या त्या जुन्या तीन मजली इमारतीतही खालची होती, आणि इमारत पाडून हा टॉवर उभा राहिला तरी खालचीच आहे. सातमला सकाळी तिच्या घरून डबा येतो. मेथीचे थेपले, बाजरीचे वडे, वाटीत दही. डब्याचं झाकण उघडलं की गार तेलाचा आणि मेथीचा वास येतो, आणि त्याच्या मागोमाग, कुठून कोण जाणे, तापलेल्या धुळीचा. तो वास या डब्यातला नाही. तो आमच्या ह्यांच्या सेटचा.

आमचे हे हौशी रेडिओवाले. रेडिओ ऐकणारे नव्हे हं, बोलणारे. सरकारी परीक्षा देऊन, कडकट्ट करत बोटांनी संदेश पाठवायला शिकून, परवाना काढलेले. नोकरी कारखान्यात, मीटर दुरुस्तीची. आणि घरी आलं की चहाच्या आधी सेट. माझ्या शिवणाच्या मशीनचं टेबल त्यांनी कधी बळकावलं ते कळलंही नाही. त्याच्यावर पत्र्याच्या पेटीत बसवलेले वाल्व्ह, लाल होत जायचे आणि घर गरम करायचे. गच्चीवर दोन बांबू, त्यांच्यामध्ये एरियलची तार. त्या तारेवर कावळे बसायचे, म्हणजे तेवढा तरी उपयोग होता. हे तासन् तास कुणाकुणाला हाका मारत बसायचे. रशियातला कुणी लागला काय, रामेश्वरमचा लागला काय, आनंद तोच. मी विचारायची, "काय म्हणाला तो?" तर म्हणायचे, "आवाज काय स्वच्छ होता गं!" अहो, पण म्हणाला काय? ते काही धड सांगता यायचं नाही. ह्या माणसाला बातमीचं काही नसायचं, आवाजाचं असायचं. हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक होतं, एवढंच इथे लिहून ठेवते.

तेव्हा इमारतीत नुकते टीव्ही आले होते. ह्यांनी सेट लावला की सगळ्यांच्या टीव्हीवर पट्टे यायचे, मुंग्या यायच्या, आणि कधी कधी ह्यांचा आवाजही. रविवारच्या सिनेमात नायिका विहिरीच्या काठावर जीव द्यायला उभी, आणि तिच्या तोंडून आमचे हे म्हणतायत, "हॅलो, हॅलो, कसा येतोय माझा आवाज?" जसूबेन तरातरा वर आली. पदर कमरेला खोचलेला. "शुभाबेन, तुमचा मिस्टर माझ्या टीव्हीमध्ये येते! मी पिक्चर बघू की याला बघू?" मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. एकदा कुणीतरी गच्चीवरची तार कापली. मी जिन्यातून जायची ती भिंतीला चिकटून. वायरवाल्याची बायको म्हणायचे मला.

मग त्या वर्षी सौराष्ट्रात पूर आला. त्या आठवड्यात आमच्याकडेही पावसाने उसंत घेतली नव्हती. समोरचा डोंगर आठवडाभर दिसलाच नव्हता, कपडे पंख्याखाली वाळत होते, त्यांना तो कुबट वास. पेपरात फोटो आले : छपरांवर बसलेली माणसं, नुसती शिंगं दिसणारी जनावरं. फोन मेले होते, तार जात नव्हती. आणि मुलुंड-घाटकोपर म्हणजे अर्धं तिकडचंच. दूधवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत ज्याला बघावं त्याचं कुणी ना कुणी तिकडे अडकलेलं.

ह्यांचा एक दोस्त होता, विली, गोराईचा. बापाची होडी, ह्याला वायरींचा नाद. मदतीचा ट्रक निघाला तेव्हा तो मोटारीची बॅटरी, आपला सेट आणि तारेचं भेंडोळं घेऊन त्यात चढला. जाताना ह्यांना म्हणाला, "दादा, तुम्ही मुंबई सांभाळा. मी तिकडून बोलतो." असे बरेच जण निघाले होते तेव्हा, कुणी या गावात, कुणी त्या. विली पोचला तो नेमका जसूबेनच्या माहेरच्या गावात. तिथल्या शाळेत त्याने बस्तान मांडलं.

आणि आमच्या दारात चपला साठू लागल्या.

आजही कुठे पूर आला, वादळ आलं की मुलगा फोनवर दाखवतो, "बघ आई, तिकडचा व्हिडिओ." सेकंदात. मी बघते आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या ओल्या चपला येतात. माणसं जिन्यात बसायची. "आमच्या लोकांचं नाव सांगा, भाई." नाव, गल्ली, वडिलांचं नाव. हे ते विलीला सांगायचे, एकेक अक्षर सुटं करून. विली तेच परत म्हणून दाखवायचा. मग तिकडे शोधाशोध. खबर आली की हे ती शब्द न् शब्द परत म्हणून ताडून घ्यायचे, वर शर्ट चढवायचे आणि ज्याची खबर त्याच्या दारात जाऊन त्यालाच सांगायचे. हा त्यांच्या मंडळींचा नेमच होता : खबर ज्याची त्याला, चारचौघांत नाही. म्हणून सेटचा भोंगा बंद ठेवून हे कानाला हेडफोन लावायचे. भरल्या घरात एकट्या त्यांनाच ऐकू यायचं. बाकी सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. दुसरं बघणार काय?

आता जे लिहिते ते लिहायला हात धजत नाही, पण खरं आहे. त्या दिवसांत मी सुखात होते. लोकांची घरं वाहून गेली होती आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. ज्यांनी मीटिंगमध्ये बोटं दाखवली होती ते "शुभाबेन, शुभाबेन" करत होते. कुणी चहाची पावडर आणून देतंय, कुणी खाकऱ्याचा डबा. मी कपात चहा ओतता ओतता असं काही गंभीर तोंड करून सांगायची, "जरा धीर धरा, वातावरण खराब आहे, आवाज पकडत नाहीये." मेली, मला काय कळत होतं वातावरणातलं! आणि हे तर काय, वीस वर्षांनी लहान झाले होते. कारखान्यात रजा टाकली होती. दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि चाल लग्नघरातल्या मामासारखी. आयुष्यभर लोकांनी ज्याला खुळं म्हटलं त्याची गरज लागली होती सगळ्यांना. मी जेवायला वाढताना म्हणाले, "बरं झालं नाही, आता कळलं ना सगळ्यांना!" ते हसले. काय बरं झालं होतं गं बाई? कुणाचं?

जसूबेन रोज येऊन बसायची. दाराशी, उंबऱ्याला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. तिची बा, म्हणजे आई, तिकडे एकटी होती, नदीच्या घाटाजवळच्या गल्लीत. भाऊबिऊ कुणी नाही. विलीला नाव दिलं होतं, आणि नेमकी त्याची बॅटरी बसली की तार पडली, कोण जाणे, विलीच गप्प झाला. दोन दिवस नुसती खरखर. हे बटणं फिरवतायत, हाका मारतायत. जसूबेन ह्यांच्या तोंडाकडे बघतेय. टीव्हीवरून भांडलेली बाई, पण त्या दोन दिवसांत तिने मला माझी भाजी निवडून दिली, माझ्या मुलाचा अभ्यास घेतला. मध्येच म्हणायची, "बा ना, पोहता येते तिला." मग थोड्या वेळाने, "पण पोहायची ती लहानपणी."

सातमच्या दिवशी दुपारी, जेवणं उरकायच्या सुमाराला, विली लागला. लागला म्हणजे कसा, तर हे खुर्चीतून उठलेच. मांडीवर थाप मारली. तोंडभर हसू. मला हाताला धरून ओढलं, सगळ्यांसमोर, ज्या माणसाने लग्नातही माझा हात धरताना भटजींकडे बघितलं होतं त्याने! डोळ्यांत पाणी. मला खुणेने म्हणाले, थांब, थांब, आणि परत हेडफोन दाबून बसले.

जसूबेनने कपाळ जमिनीला टेकलं. "हाश! माझी बा!" एवढंच म्हणाली आणि ढसाढसा रडली. मीही तिच्या गळ्यात पडले. माझाही जीव भांड्यात पडला होता. ह्या माणसाचं असं तोंड मी पोरगा झाला तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं. त्याला चांगल्याशिवाय दुसरी बातमी कुठली असणार? अगं, पण तू बायको ना त्याची? हा माणूस बातमीला हसतो की आवाजाला हसतो, तुला ठाऊक नव्हतं? तेव्हा नाही आठवलं. तेव्हा सगळं घर आनंदात होतं.

"शुभाबेन, मी मानता केली होती," जसूबेन डोळे पुसत म्हणाली. "खबर भेटेल त्या घडीला माताजीला लापशी. पण आज सातम. माझी चूल बंद."

"एवढंच ना?" मी म्हटलं. "माझी चालू आहे की! आमच्यात कुठे सातम?"

ती जरा थांबली. मी बघितलं ती थांबली ते. मग म्हणाली, "चालेल ना?" आणि मी, मोठी जाणती, "न चालायला काय झालं? देवीला कळतं सगळं," म्हणत तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेले. गव्हाचा भरडा तिनेच खालून आणला. तुपात भाजला तसा असा वास सुटला! बाहेर पाऊस थांबला होता, खिडकीच्या गजांवरून थेंब पडत होते. जसूबेन कढईत गूळ घालत होती आणि बोलत होती. बा लापशी कशी करते, गूळ कधी घालते, जावयाला कशी आग्रह करून वाढते. दोन दिवस जी बाई शब्दाला महाग झाली होती तिला थांबवावं लागत होतं. मी वेलची कुटत होते. इतकी मैत्री माझी कुणाशी झाली नव्हती. जिन्यातल्या लोकांना वाट्या गेल्या सुद्धा.

आणि हे आत आले. पाणी प्यायला. हेडफोनने कानावर वळ उठलेले. ओट्यावरची वाटी उचलली, एक घास तोंडात टाकला. "वा! आज काय विशेष?"

"बा सलामत ना, भाई," जसूबेन म्हणाली. "तुमच्या तोंडात साखर पडो."

ह्यांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कढईकडे बघितलं. मग ते अगदी हळू म्हणाले, "बेन, बाची खबर अजून नाही. फक्त विली लागला. त्याचा आवाज लागला."

जसूबेनने पुढे होऊन गॅस बंद केला. हात पदराला पुसले, आणि मग ओट्यावर सांडलेला गूळ बोटाने गोळा करत राहिली, स्वतःच्या घरात असल्यासारखी.

खबर संध्याकाळी आली. बा पहिल्याच दिवशी गेली होती. शेजाऱ्यांनी सगळं केलं होतं. हे कामावर जाताना घालायचे तसा धुतलेला शर्ट घालून खाली गेले. मी जिन्यात उभी होते, अर्ध्यावर. खालून रडण्याचा आवाज येईल म्हणून कान देऊन. आवाज आला नाही. नुसतं एक वाक्य आलं, "मारे चूलो नहोतो पेटाववो." म्हणजे, मला चूल पेटवायची नव्हती.

बाराव्यानंतर मी तिला समजावलं. अगं, चूल माझी, गॅस माझा. सकाळी मी त्याच्यावर आमटी केली होती. आणि बा तर आधीच गेली होती. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमची वात जुदी, तुमची गोष्ट वेगळी. चूल ती चूल. पेटवली मी." ज्या हाताने तिला ओढत ओट्यापाशी नेलं तो माझा हात मांडीवर होता, त्याचं काय करावं कळेना.

गणपतीत सोसायटीने ह्यांचा सत्कार केला. शाल, नारळ. मला खुर्ची. मी नेसले होते ती जांभळी इरकल त्यानंतर कधी नेसले नाही. मोठ्या जावेला देऊन टाकली, छान आहे गं, तुला शोभेल म्हणून. जसूबेन पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. हे नारळाकडे बघत दोन शब्द बोलले, काय ते मला आठवत नाही. घरी येऊन त्यांनी शिवणाच्या मशीनचं टेबल फिरवलं. आधी तोंड खोलीकडे असायचं, ते भिंतीकडे केलं. दिवा उलट्या बाजूला येतोय, डोळे बिघडतील, मी म्हटलं. "असू दे," म्हणाले. त्यानंतर किती तरी वादळं, पूर, काय काय झालं. हे दर वेळी बसले, कितीकांच्या खबरा आणल्या. पण बसायचे ते भिंतीकडे तोंड करून. माणसांना त्यांची पाठ दिसायची. पाठीवरून काही कळू नये म्हणून मग ते हलायचेही नाहीत. नातू झाल्याचा फोन आला तेव्हासुद्धा हा बाबा खिडकीकडे वळून उभा राहिला. मला त्यांची दाढी हलताना काचेत दिसली.

आणि जसूबेनने टीव्हीची तक्रार पुन्हा कधी केली नाही. पट्टे आले की तिची मुलं ओरडायची, आम्हाला वर ऐकू यायचं. मग तिचा आवाज, "गप बसा. भाई काम करतात." टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा. भांडली असती तर बरं झालं असतं. एक दिवस वर येऊन, पदर खोचून, चार शिव्या घातल्या असत्या तर मी तिच्या पाया पडले असते. पण सातमला डबा आला. पुढच्या वर्षीही आला. हे गेले त्या वर्षीही, तेराव्याच्या आत आपल्याकडे सण नसतो हे ठाऊक असून, "सण नाही, नुसतं खाणं आहे," म्हणून आला. मी तेव्हापासून नाही, पहिल्या वर्षापासूनच गॅस पेटवत नाही. प्रायश्चित्त वगैरे मोठे शब्द मला जमत नाहीत. एक दिवस तिच्यासारखं गार खावं, बस.

या वर्षी डबा घेऊन ती स्वतः आली. लिफ्ट आहे आता, पण गुडघे तेच. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. टीव्हीवर कुठलासा पूर दाखवत होते, सुनेने तो बंद केला आणि आत गेली. आता राहिलंय काय, उद्या कोण आधी जाईल सांगता येत नाही, असं मनात आलं आणि मी बोलून टाकलं. "जसू, इतकी वर्षं तू चुलीला दोष देतेस. चुलीचं काही नव्हतं गं. तू फसलीस ती ह्यांच्या तोंडाला. आवाज लागला म्हणून हसला तो माणूस. आणि मी बायको असून मला कळलं नाही."

ती थेपल्याचा तुकडा दह्यात बुडवत होती. "मला माहीत नाही काय?" म्हणाली. "त्याच दिवशी माहीत होतं. भाई बोलले ना, आवाज लागला म्हणून."

"मग?"

"मग काय, शुभा. कोणाला तरी बोलायला पाहिजे होतं ना. चुलीला नाय बोलली असती तर भाईला बोलायला लागलं असतं. आणि भाई तर रोज जिन्यात भेटणार." तिने तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. "चूल काय, ती ऐकून घेते."

"भाईला सांगायचं होतंस एकदा," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती म्हणाली, "दही घे ना, आंबट नाहीये."

चमचा आणते म्हणून मी उठले. चमचा ताटातच होता. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभी राहिले, भिंतीकडे तोंड करून, तिला नुसती पाठ दिसेल अशी. गॅस बंद होता.